मन नसलं तरी सायकल काढा: खचलेल्या दिवसांत सुरुवात करणाऱ्यांसाठी

आईच्या आजारपणाची दोन वर्षं आणि ती गेल्यानंतरचं एक वर्ष, एवढ्या काळात मी घराबाहेर पडले ती औषधांच्या दुकानापर्यंत, नाहीतर बँकेपर्यंत. सकाळी जाग यायची, पण उठावं असं काही नसायचं. रडू यायचं असंही नाही. नुसतं सगळं फिकं. त्या दिवसांत भाच्याची जुनी सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. ती दुरुस्त करून सांगलीच्या रस्त्यावर काढली तेव्हा मी 52 वर्षांची होते. पुढे ओळखीतल्या सात-आठ जणींना सायकलवर बसवलं. काहींनी कॉलेज सुटल्यापासून हँडलला हात लावला नव्हता, दोघींना तर मुळीच येत नव्हती. त्या सगळ्या खटाटोपातून जे कळलं ते इथे लिहिते आहे. वजन उतरवायला किंवा शर्यतीत उतरायला सायकल घेणाऱ्यांसाठी भरपूर माहिती सापडते. हे टिपण ज्यांना उठून दारापर्यंत जाणंही जड जातंय त्यांच्यासाठी.

पायरी 1: बरं वाटायची वाट बघू नका

"जरा बरं वाटू दे, मग सुरू करते," हे मी आठ महिने म्हणत होते. इथेच आपण फसतो. उदास माणूस हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की बरं वाटावं असं काही घडतच नाही, आणि तो आणखी उदास होतो. मानसोपचारात बिहेवियरल ॲक्टिव्हेशन नावाची पद्धत आहे. ती हे चक्र मनाच्या बाजूने सोडवत बसत नाही, कृतीच्या बाजूने सोडवते. आधी ठरवलेली छोटी गोष्ट करायची, मग मन येईल तेव्हा मागून येईल.

आशेबद्दलही असंच काहीसं आहे. आपण समजतो, आशा म्हणजे आतून उमलणारं काहीतरी. चार्ल्स स्नायडर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तिची अगदी व्यवहारी फोड केली: पोहोचायचं एक ठिकाण, तिथे जायच्या वाटा, आणि त्या वाटेने मी जाऊ शकेन हा भरवसा. तिन्ही असलं की माणूस आशावादी. मला हे वाचून हसू आलं, कारण ते सरळसरळ सायकलवरून सांगलीजवळच्या हरिपूरला, नद्यांच्या संगमावर जाण्याचं वर्णन होतं. संगम हे ठिकाण, गावभागातला रस्ता बंद असला तर दुसऱ्या गल्लीतून वाट, आणि काल पोहोचले होते म्हणजे आजही पोहोचेन हा भरवसा. आयुष्याचं काय करायचं हे ठाऊक नसलं तरी एवढी आशा रोज सकाळी तयार करता येते.

प्रत्यक्षात करायचं काय? सगळे निर्णय रात्रीच उरकून टाकायचे. सायकल दाराजवळ आणून उभी करा. हवा दाबून बघा. पाण्याची बाटली भरा. कुलपाची किल्ली आणि घालायचे कपडे एकाच खुर्चीवर ठेवा. खचलेल्या माणसाला सकाळी "कुठला कुर्ता घालू" एवढा प्रश्नही अंथरुणात परत ढकलायला पुरतो.

पायरी 2: नवी सायकल घेऊ नका

निदान तीन महिने तरी नाही. महागडी सायकल घेतली आणि चार दिवसांत सुटली, तर ती दारात उभी राहून रोज टोमणे मारते. आधीच स्वतःवर नाराज असलेल्या माणसाला हे नकोच. घरातली, शेजारची, भाच्या-पुतण्याची जुनी सायकल बघा. साधी लेडीज सायकल असली तर उत्तम. चढता-उतरताना दांडीवरून पाय टाकायची कसरत नाही, साडी-सलवारीतही चालते. सांगलीसारख्या सपाट गावात गिअरची गरज पडत नाही. कोल्हापूर, सातारा किंवा पुण्याच्या टेकाडांच्या बाजूला राहत असाल तर गिअर हवेत.

मग ती ओव्हरऑइलिंगला टाका. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, पण आपल्याकडच्या सायकलवाल्यांनी त्याला तेलात असा काही बुडवला की आता हाच शब्द खरा वाटतो. मेकॅनिकला चार गोष्टी नेमक्या सांगा: ब्रेकचे रबर बदल, चेन साफ करून तेल दे, दोन्ही चाकांचा आउट काढ (म्हणजे डुगडुगणारं चाक सरळ कर), आणि टायरला चिरा असतील तर नवे टाक. आमच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक माझ्या सायकलकडे बघून म्हणाला होता, "काकू, हवा तेवढी बघत जावा. बाकी सायकल आपली आपण चालतीय." त्याचं खरं होतं. हवा कमी असली की सायकल जड लागते, आणि नवख्या माणसाला वाटतं आपल्यातच दम नाही. टायरच्या कडेला किती हवा भरायची तो आकडा छापलेला असतो. एक छोटा हातपंप घरी ठेवा आणि आठवड्यातून एकदा भरा.

सीटची उंची हा दुसरा गुन्हेगार. पडायच्या भीतीने आपण सीट फार खाली ठेवतो आणि आठवड्यात गुडघे धरतात. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल अगदी खाली गेल्यावर पाय सरळ व्हायला हवा. म्हणजे चवड्याने मारताना गुडघ्यात थोडासा बाक राहतो. पहिले चार-पाच दिवस दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढी खाली ठेवली तर चालेल, मात्र नंतर बोटभर-बोटभर वर न्या.

पायरी 3: येतच नसेल तर

लाजू नका. पन्नाशीत शिकता येतं, मी दोघींना शिकताना पाहिलं आहे. लहानपणी कुणीतरी मागून सीट धरून पळायचं आणि मधेच सोडून द्यायचं. मोठ्या माणसासाठी ते नको, कारण पडण्याची धास्ती आणि फसवलं गेल्याचा राग दोन्ही येतात. सोपी रीत ही: दोन्ही पेडल काढून टाका. बहुतेक पेडलना 15 नंबरचा पाना लागतो. उजवं पेडल नेहमीसारखं सुटतं, डाव्याचे आटे मात्र उलटे असतात. हे माहीत नसल्याने आम्ही दोन बायकांनी पाऊण तास पान्यावर लटकून ते आणखी घट्ट केलं होतं.

पेडल निघाली की सीट खाली करा आणि शाळेच्या मोकळ्या मैदानावर पायांनी जमीन मागे ढकलत चालत राहा. मग थोडं जोरात ढकला, पाय उचला आणि जमेल तेवढं घरंगळू द्या. दोन सेकंद, चार सेकंद, दहा सेकंद. तोल म्हणजे एवढंच. पेडल मारणं ही त्यानंतरची फार किरकोळ गोष्ट आहे.

इथे दोन गोष्टी मनाविरुद्ध कराव्या लागतात. सायकल डावीकडे कलली की हात आपसूक हँडल उजवीकडे ओढतो, आणि आपण आपटतो. ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला हँडल वळवायचं. चाकं अंगाखाली येतात आणि सायकल सरळ होते. दुसरं, चाकाकडे बघायचं नाही, वीस-पंचवीस पावलं पुढे बघायचं. सायकल नजरेमागे जाते. खड्ड्याकडे टक लावून "यात जायचं नाही, यात जायचं नाही" म्हणणारी माणसं बरोबर त्याच खड्ड्यात जातात. शेजारच्या वहिनी महिनाभर एकाच विजेच्या खांबाला धडकत होत्या. मैदानात तेवढा एकच खांब.

पायरी 4: पहिले पंधरा दिवस, फक्त दहा मिनिटं

पाच मिनिटं जायचं, पाच मिनिटांत परत. त्याहून जास्त जावंसं वाटलं तरी जायचं नाही. जोशात पहिल्या दिवशी दहा किलोमीटर मारून तीन दिवस आडवी पडलेली मैत्रीण माझ्या डोळ्यांसमोर आहे. चौथ्या दिवशी तिने सायकल विकायला काढली.

वळायची जागा ठरलेली हवी. मी सुरुवातीला हरिपूर रस्त्यावरच्या बागेतल्या गणपतीपाशी वळत होते. एक पाय टेकवायचा, नमस्कार करायचा, परत. महिन्याभराने तोच रस्ता पुढे हरिपूरपर्यंत नेला. सांगलीपासून ते चारेक किलोमीटर, कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचं गाव. संगमेश्वराचं देऊळ आहे, घाटाच्या पायऱ्यांवर बसलं की दोन नद्यांचं पाणी एकत्र होताना दिसतं. पूर्वी या गावात हळद साठवायची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली, वर्षानुवर्षं हळद टिकवणारी. 2005 च्या महापुरात त्यांतल्या पुष्कळ पेवांत पाणी शिरलं. एवढा घाव बसलेलं गाव सकाळी सहाला दूध काढत असतं, अंगण झाडत असतं. मी तिथे फार काही विचार करायचे नाही. बघत बसायचे, इतकंच.

रोज तोच रस्ता कंटाळवाणा होईल असं वाटतं. होत नाही. उलट त्याच रस्त्यामुळे बदल टिपता येतात: कालपर्यंत मुकी असलेली चिंच आज पालवली, पाणी हातभर उतरलं, कोपऱ्यावरच्या आजींचं दार आज बंद आहे. डोक्यात तोच तोच विचार घोळवणाऱ्या माणसाला बाहेर काहीतरी बदलतंय हे दिसणं फार मोलाचं असतं. शिवाय सायकलवर तोल, खड्डा, मागून येणारी रिक्षा इतकं सांभाळावं लागतं की घोळवायला जागाच उरत नाही. चालताना मी मनातल्या मनात भांडणं उकरून काढू शकते. सायकलवर ते जमत नाही.

वेग किती? शेजारून चालवणाऱ्याशी बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतका. एवढ्या श्रमाने मांड्यांचे मोठे स्नायू कामाला लागतात, श्वासाला लय येते, एंडॉर्फिनसारखी मन हलकं करणारी द्रव्यं शरीरात सुटतात. सकाळचा उजेड डोळ्यांत गेल्याने झोपेचं घड्याळ जागेवर यायलाही मदत होते, आणि झोप सुधारली की निम्मी लढाई तिथेच हलकी होते. म्हणून जमलं तर सकाळचीच वेळ धरा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. दहा मिनिटांवरून अर्ध्या तासावर यायला दोन महिने लागले तरी हरकत नाही. पाच दिवस अर्धा तास, की झाले दीडशे.

पहिला आठवडा बूड दुखेल. सगळ्यांचं दुखतं, आणि दहा-बारा दिवसांत थांबतं. नाही थांबलं तर सीट पुढे किंवा मागे झुकली आहे का बघा. गादीचं जाड कव्हर विकत घेऊ नका, त्याने उलट घासतं.

रक्तदाब, हृदयविकार, फिट येणं, चक्कर यांपैकी काही असेल किंवा झोप आणणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पायरी 5: एक वही

दोन आकडे आणि एक ओळ. निघताना मन दहापैकी किती, आल्यावर किती, आणि रस्त्यात दिसलेली एक गोष्ट. बस्स. माझ्या पहिल्या पानावर आहे: "2, 3. म्हशी." पुढच्या दिवशी: "2, 2. काही नाही." तिसऱ्या दिवशी: "3, 5. खंड्या, तारेवर."

ही वही कशासाठी? कारण उदास मन खोटं बोलतं. ते सांगतं, "कशानेच फरक पडत नाही." वहीत मात्र दिसतं की वीसपैकी तेरा दिवस आल्यावरचा आकडा एकाने का होईना वर होता. आकडा खाली गेलेले दिवसही लिहायचे. माझे असे दिवस बहुतेक रात्री उशिरा झोपल्यानंतरचे निघाले. हे मला वहीने सांगितलं, एरवी कळलं नसतं.

मोबाइलमधली ॲप वाईट नाहीत, पण सुरुवातीला टाळा. आपले दोन किलोमीटर टाकले की खाली कुणाचे तरी ऐंशी दिसतात. आपल्याच मराठी मुलखात नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी 2015 साली अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीने पूर्ण केली, 2017 साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली, पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. पण सकाळी सहाला बागेतल्या गणपतीपर्यंत जाताना त्यांची आठवण काही कामाची नाही.

पायरी 6: जे आडवं येतं त्याचं

लोक. "या वयात?" "मुलगा गाडी घेऊन देत नाही का?" मला हे दोन्ही ऐकावं लागलं. बायकांना जास्तच. पंधरा दिवस टिकलात की तेच लोक हात करतात, आणि महिन्याने त्यांतली एखादी विचारते, "मला शिकवशील?" तोवर "डॉक्टरांनी सांगितलंय" हे उत्तर सगळ्यांची तोंडं बंद करतं.

कुत्री. पाठलाग करणाऱ्या कुत्र्यापुढे जोरात पळवू नका. थांबा, उतरा, सायकल तुमच्या आणि त्याच्या मधे ठेवा आणि चालत पुढे जा. धावणारं काही दिसेनासं झालं की त्याचा उत्साह बहुधा मावळतो.

उसाच्या ट्रॉल्या. आमच्या भागात हा खरा धोका. गळीत हंगाम सुरू झाला की दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्ताभर असतात. पुढच्या ट्रॉलीला जागा दिली म्हणून निश्चिंत व्हाल, तेवढ्यात मागची डोलत येते. सरळ खाली उतरून मातीत उभं राहायचं, यात कमीपणा नाही. मोठे रस्ते सोडून आतले धरा. मागे लाल दिवा हवा, हेल्मेट हवं, आणि ते कपाळावर भुवयांच्या दोन बोटं वर बसलेलं हवं. मागे सरकवलेलं हेल्मेट शोभेचं.

पाऊस. रिमझिम असेल तर जा. ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून आधीपासून आणि दोन्ही एकत्र दाबा. रंगवलेले पट्टे आणि गटाराची झाकणं टाळा. सांगलीत पावसाळा म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी: 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. नदी चढायला लागली की हरिपूरची वाट सोडून मी विश्रामबागच्या बाजूला वळते. ठिकाण बदललं तरी वेळ तीच ठेवते, कारण सवय घड्याळाला बांधलेली असते.

आणि एखाद्या दिवशी काहीच नको वाटेल. त्या दिवसासाठी माझा एक नियम आहे: कपडे घालायचे, सायकल फाटकापर्यंत न्यायची, आणि तिथे उभं राहून ठरवायचं. परत फिरलात तरी तो दिवस वहीत मोजायचा. मी अशी अकरा वेळा परत फिरले आहे. चार दिवस सुटले तर पाचव्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट जायचं नाही, पुन्हा दहा मिनिटांपासून धरायचं.

पायरी 7: सोबत, पण उशिरा

पहिला महिना एकटीने बरा. कुणाशी बोलावं लागत नाही, कुणासाठी थांबावं लागत नाही. नंतर आठवड्यातून एकदा कुणीतरी बरोबर हवं. आम्ही रविवारी चौघी जातो, येताना चहा आणि भडंग. मनातलं बोलायला सायकल फार सोयीची. समोर बसून डोळ्यांत बघत जे बोलता येत नाही, ते शेजारी-शेजारी चालवताना, रस्त्याकडे बघत, सहज निघून जातं. एका मैत्रिणीने तिच्या घरातली एक गोष्ट मला अशीच सांगितली, आणि पुढच्या वळणावर आम्ही दोघी कांद्याच्या भावाबद्दल बोलत होतो.

गावात सायकलचा गट असेल तर आधी विचारा की सगळ्यात मागच्या माणसासाठी कोण थांबतं. कुणीच थांबत नसेल तर तो गट तुमचा नाही. नाशिक-पुण्याहून पंढरपूरला सायकलवाऱ्या निघतात, आमच्याकडूनही हौशी मंडळी जातात. मिरजेहून ते अंतर सव्वाशे किलोमीटरच्या वर भरतं. त्याचा विचार पहिल्या वर्षी नको. आमच्या चौघींच्या डोक्यात तो आहे, पण अजून कुणी तोंडाने उच्चारलेला नाही.

सायकल पुरत नाही तेव्हा

हे मधेच वाचून सोडून देऊ नका. सायकल हा आधार आहे, डॉक्टरचा पर्याय नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज बहुतेक वेळ मन बुडालेलं असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. चालू असलेल्या गोळ्या "आता सायकलने बरं वाटतंय" म्हणून स्वतःहून बंद करू नका. मला सहा महिने गोळ्या होत्या, सायकलही होती. कशाचा किती गुण आला ते मी वेगळं काढू शकत नाही, आणि काढायची गरजही वाटली नाही.

जगणं नको असा विचार येत असेल तर आत्ताच कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. घरातल्या कुणाबद्दल काळजी वाटत असेल तरी हाच क्रमांक लावा. आणि अशा माणसाला "सायकल चालव, बरं वाटेल" असं सांगू नका. त्याच्याजवळ बसा, डॉक्टरांकडे नेताना बरोबर जा. सायकल कुठे पळून जात नाही.

तीन महिन्यांनी

पुन्हा एकदा मेकॅनिककडे. चेन ताणली गेली असेल, ब्रेक घासले असतील. पंक्चर काढायला शिका. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, जागा घासायची, सोल्यूशन लावून ते सुकू द्यायचं आणि मग पॅच दाबायचा. घाईने ओल्यावरच चिकटवला की निघतो. पहिलं पंक्चर स्वतः काढलं त्या दिवशी माझ्या वहीत आल्यावरचा आकडा 8 आहे, आणि त्या दिवशी मी फक्त अंगणात होते.

नवी सायकल घ्यायची असेल तर आता घ्या. मी अजून भाच्याचीच चालवते. आजची नोंद: "5, 5. चेन दोनदा उतरली, हात काळे. संगमावर पाणी गढूळ. भडंग संपलं होतं."